विद्यार्थ्यांचे पत्र आणि मराठवाड्याची वाणी



आपल्या संघाच्या स्मरणिकेत उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नामावली आपण दरवर्षी मोठ्या कौतुकाने छापतो. कोणास किती गुण मिळाले, कोण वैद्यकीकडे गेला, कोण अभियंता झाली, हे वाचून घरोघरी आनंद होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या मुलामुलींनी विद्यार्थिदशेत काय लिहिले, कोणत्या प्रश्नावर लेखणी उचलली, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. महाविद्यालयाचे वार्षिक घरी येते, मुलाचे छायाचित्र पाहून होते आणि महिन्याभरात ते रद्दीत जाते. आमच्या मते या रद्दीत आपल्या प्रांताच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन नाहीसे होत असते. म्हणून विद्यार्थ्यांनी चालविलेल्या पत्रांचा इतिहास आणि त्यांचा समाजावरील परिणाम यांचा थोडक्यात मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम विद्यार्थ्यांचे पत्र म्हणजे काय ते पाहू. ते छापील असेल, हस्तलिखित असेल, महाविद्यालयाच्या ओसरीत लावलेले भित्तिपत्रक असेल अथवा वर्षातून एकदा निघणारे वार्षिक असेल. बाह्य रूप कोणतेही असो, त्याची काही लक्षणे ठरलेली आहेत. त्याला भांडवल नसते. त्याचा संपादक दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन निघून जातो. त्याचा आजचा वाचक उद्याचा लेखक असतो. त्याचे आयुष्य बहुधा अल्प असते. अशा अल्पायुषी पत्राचा प्रभाव त्याच्या खपावरून किंवा वयावरून मोजणे व्यर्थ होय. स्वतःचा विचार, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या नावाखाली प्रथमच जगापुढे मांडण्याचे धैर्य त्याने किती जणांना दिले, हेच त्याचे खरे माप आहे. हे माप हाती घेऊन आपण इतिहासाकडे वळू.

आपल्या देशात या प्रकारच्या पत्राचा आरंभ कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात झाल्याचे दिसते. तेथील तरुण अध्यापक हेन्री डेरोझिओ याच्या शिष्यांनी १८३० मध्ये ‘पार्थेनॉन’ नावाचे इंग्रजी पत्र काढले. त्यात रूढींवर आणि सरकारी कारभारावर टीका होती. पहिला अंक निघाला आणि विद्यालयाच्या चालकांनी ते पत्र बंद पाडले. पुढील वर्षी डेरोझिओला अध्यापकपद सोडावे लागले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो निवर्तला. परंतु त्याचे शिष्य गप्प बसले नाहीत. कृष्णमोहन बंदोपाध्याय यांचे ‘एन्क्वायरर’ आणि त्यांच्या सोबत्यांचे ‘ज्ञानान्वेषण’ ही पत्रे १८३१ मध्येच निघाली. एका अंकाचे पत्र बुडाले आणि दोन पत्रे वर आली. वडीलधाऱ्यांनी हा पहिला धडा विसरू नये.

महाराष्ट्रात ही परंपरा अधिक संयमाने व अधिक विधायक मार्गाने रुजली. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी १८४८ मध्ये एक साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापिली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होते. त्यांचे वय त्या वेळी तेवीस वर्षांच्या आतबाहेर होते. या सभेच्या मराठी व गुजराती शाखा झाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांनी भूषविले. तिच्या विद्यमाने १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले आणि ते १८६७ पर्यंत चालले. विज्ञान, इतिहास, समाजस्थिती यांवरील सुबोध निबंध त्यातून मराठी वाचकांस मिळाले. याच सभेतील तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि आपला नित्याचा अभ्यास सांभाळून तेथे विनावेतन शिकविले. व्याख्यान, मासिक आणि शाळा ही एकाच कार्याची तीन अंगे होती, हे येथे ध्यानात घ्यावे. जे लिहिले ते करून दाखविण्याची हौस त्या पिढीस होती.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर यांचा स्नेह जुळला. देशस्थितीविषयीच्या तेथील वादविवादांतून जो संकल्प झाला त्याची परिणती प्रथम न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पाठोपाठ १८८१ च्या ‘केसरी’मध्ये झाली. त्या वेळी दोघेही पंचविशीच्या आत होते. ‘केसरी’ हे विद्यार्थ्यांचे पत्र नव्हे हे खरे, तथापि त्याची बीजे वसतिगृहातील चर्चेत पडली होती. परदेशातही हाच क्रम आढळतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८७३ मध्ये सुरू झालेले ‘क्रिमसन’ हे पत्र आजतागायत विद्यार्थीच चालवितात. पुढे त्या देशाचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट हे विद्यार्थी असताना त्याचे प्रमुख होते. राज्य चालविणारे हात आधी पत्र चालवून तयार झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता आपण आपल्या भूमीकडे येऊ. कलकत्ता, मुंबई, पुणे येथील तरुण पत्रे काढीत होते तेव्हा आम्हा बिलोलीकरांची स्थिती काय होती? गोदावरी-मांजरेच्या परिसरातील हा तालुका निजामाच्या राज्यात होता. बाजारात मराठी आणि तेलुगू दोन्ही कानी पडत, आणि कचेरीत उर्दूवाचून चालत नसे. उच्च शिक्षणाची इच्छा धरणाऱ्या मुलास हैदराबादेची वाट धरावी लागे. तेथे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले होते. एका आधुनिक भारतीय भाषेतून सर्व विद्याशाखा शिकविण्याचा प्रयोग करणारे ते देशातील पहिलेच विद्यापीठ. शास्त्रीय ग्रंथांच्या भाषांतरासाठी तेथे स्वतंत्र विभाग होता. त्या कार्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी होती. विद्यापीठाच्या ‘मजल्ला-ए-उस्मानिया’ या नियतकालिकात उर्दू व इंग्रजी लेखनाला स्थान होते, आणि त्या विद्यापीठाने मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखा थोर उर्दू कवी घडविला. मराठी मुलास मात्र मराठी हा एक विषय म्हणून शिकावयास मिळे. आपल्या भाषेत आपल्या गावाविषयी लिहावे, सोबत्यांनी ते वाचावे, त्यावर वाद घालावा, अशी जागा त्यास फारच तोकडी होती.

त्यातच राज्यात सार्वजनिक जीवनावर कडक निर्बंध होते. १९२९ च्या त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीने सभा भरविण्यास आगाऊ परवानगी आवश्यक केली होती. वृत्तपत्र काढणे त्याहून दुष्कर होते. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हैदराबादची विवेकवर्धिनी यांसारख्या शाळांनी मराठीची ज्योत मोठ्या कष्टाने तेवत ठेविली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे १९३७ मध्ये भरले आणि मराठवाड्याची जनता संघटितपणे बोलू लागली. परंतु विद्यार्थ्यांच्या मनात साचलेले बाहेर पडण्यास वाट नव्हती.

ती वाट १९३८ च्या अखेरीस एका गीताने फोडली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला होता. नोव्हेंबरात औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. पुन्हा असे करणार नाही अशी हमी लिहून देण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. कुलगुरू केदार यांचे हे औदार्य मराठवाड्याने कधी विसरू नये. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकीच एक होते.

येथे थोडे थांबून विचार करावा असे आम्हांस वाटते. त्या विद्यार्थ्यांना आपले म्हणणे मांडण्यास एखादे पत्र असते तर कदाचित एका गीतावर शिक्षण पणास लावण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती. गीत सर्वांस एकत्र आणते. पण आपली मागणी काय, तिचे कारण काय, विरोधकाच्या म्हणण्यात तथ्य किती, हे गीत सांगू शकत नाही. ते काम लेखाचे आहे. पत्र नसले की तरुणांपुढे दोनच मार्ग उरतात : एक मौनाचा, दुसरा संघर्षाचा. निजामाच्या राज्याने मधला मार्ग बंद केला आणि त्याचे फळ त्या राज्यासच भोगावे लागले.

विद्यापीठाबाहेर काढलेल्या तरुणांनी पुढे तीच लेखणी हाती घेतली, हे विशेष लक्षणीय आहे. नरसिंह राव यांनी वरंगळहून निघणाऱ्या ‘काकतीय पत्रिका’ या तेलुगू साप्ताहिकाच्या संपादनात भाग घेतला. मराठीत आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. निजामाच्या हद्दीत त्यास थारा नव्हता, म्हणून ते पुण्याहून निघे. बंदी आली की नवे नाव धारण करून पुन्हा निघे. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली ते औरंगाबादेत रुजले आणि १९६८ मध्ये दैनिक झाले. आज ते अस्तित्वात नाही, परंतु या प्रांताला स्वतःचे नाव अभिमानाने उच्चारावयास त्याने शिकविले.

उस्मानियाचाच आणखी एक पदवीधर येथे स्मरणीय आहे. शोएबुल्ला खान या तरुण मुसलमान संपादकाने ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध केला आणि हैदराबादने भारतात विलीन व्हावे असे निर्भीडपणे लिहिले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्याची हत्या करण्यात आली आणि ज्या हाताने त्याने लिहिले तो हात तोडण्यात आला. तो तिशीही ओलांडलेला नव्हता. उर्दू ही जुलमाची भाषा नव्हती. जुलमाविरुद्ध प्राण देणारी लेखणीही त्याच भाषेत चालली, हे आपल्या मुलांस आवर्जून सांगावे. आपल्याच तालुक्यातील अर्जापूर येथे १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांनी हौतात्म्य पत्करले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज त्याच गावी उभे आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य मुक्त झाले ते अशा अनेकांच्या बलिदानाने.

मुक्तीनंतर विद्येचे दरवाजे उघडले. नांदेडात १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून विख्यात झाले. त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसविली गेली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू झाले. बिलोलीच्या मुलास आता परक्या भाषेच्या आश्रयास जाण्याचे कारण उरले नाही.

या नव्या काळात विद्यार्थ्यांच्या लेखनाने सर्वांत मोठा चमत्कार कोठे घडविला असेल तर तो मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनात. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरू दिले गेले नव्हते अशी मुले तेथील वसतिगृहात आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी त्यांच्यासाठी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले व मुलांनी ते रंगभूमीवर आणिले. महाविद्यालयाच्या वार्षिकात ही मुले लिहू लागली. पावसाळ्याचे वर्णन, सहलीची हकीकत, थोरांची चरित्रे हे वार्षिकांचे ठरलेले विषय. परंतु या मुलांकडे सांगण्यासारखे दुसरेच काही होते : गावकुसाबाहेरचे घर, पाणवठ्यावरची वागणूक, शाळेत मिळालेली निराळी जागा. जे घरातही मोठ्याने बोलले जात नव्हते ते कागदावर उतरू लागले.

या मशागतीतून १९६७ मध्ये प्राचार्य म. ना. वानखेडे, प्राध्यापक गंगाधर पानतावणे आदींच्या पुढाकाराने ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले आणि पुढील वर्षी त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले. पानतावणे यांनी ते २०१८ मध्ये देहावसान होईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, सांभाळले. त्याचे लेखक-वाचक मेळावे गावोगावी भरत आणि त्यात नवशिक्या विद्यार्थ्यालाही मोठ्या लेखकाइतकाच मान मिळे. मिलिंदमध्ये शिकलेले आणि पुढे तेथेच अध्यापक झालेले, उदगीरच्या बाजूचे प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे आत्मकथन १९७९ मध्ये ग्रंथरूपाने आले आणि मराठी वाचक स्तंभित झाला. दलित साहित्य म्हणून आज देशोदेशी ज्याचा अभ्यास होतो त्या प्रवाहाचा एक मोठा झरा महाविद्यालयाच्या आवारात, विद्यार्थ्यांच्या वहीत उगम पावला, हे विधान अतिशयोक्तीचे नाही.

आता या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. १९३८ चे विद्यार्थी आणि १९६७ चे विद्यार्थी एकाच मातीतले. दोघांच्याही मनात अपमानाचे शल्य होते. एकांना आपल्या भाषेत लिहिण्याची जागा मिळाली नाही, म्हणून त्यांस विद्यापीठ सोडावे लागले. दुसऱ्यांना जागा मिळाली, आणि त्यांनी विद्यापीठात राहूनच साऱ्या महाराष्ट्राला स्वतःकडे पाहावयास लाविले. आणि त्या आरशात जे दिसले त्यात आपण सर्व ज्ञातींचे लोक होतो, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत याचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर करीत आहोत. आपल्या ज्ञातीचा अभिमान बाळगावा. परंतु दुसऱ्याच्या लेखणीने सांगितलेले सत्य ऐकण्याची तयारी नसेल तर तो अभिमान पोकळ ठरतो.

सांप्रत परिस्थिती काय आहे? १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ आता घरापाशी आले आहे. महाविद्यालये वाढली, मुलींची संख्या वाढली, वार्षिकांचा कागद गुळगुळीत झाला आणि छायाचित्रे रंगीत झाली. परंतु अनेक वार्षिकांत आरंभीची बरीच पाने मान्यवरांच्या शुभसंदेशांनी व अहवालांनी भरलेली असतात. विद्यार्थ्यांच्या विभागात इकडून तिकडून उतरविलेल्या सुविचारांची गर्दी असते. भित्तिपत्रकाचे उद्घाटन होते, पण पुढे वर्षभर तेच पत्रक भिंतीवर लोंबत राहते. मुले हातातील यंत्रावर दिवसभर लिहितात, हे खरे. परंतु तेथे संपादक नाही, वाक्य तपासणारा सोबती नाही, लिहिलेल्याची जबाबदारी नाही आणि दुसऱ्या दिवशी ते कोणास आठवत नाही. लेखन भरपूर आणि पत्र नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे. आपल्या भागात पीक बुडाल्यावर घराचे काय होते, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा ताण कसा असतो, मुलीचे शिक्षण लग्नासाठी मध्येच कसे थांबते, हे त्या मुलांखेरीज कोण लिहिणार?

यास्तव संघाच्या विचारार्थ आम्ही तीन नम्र सूचना करतो. पहिली, पुढील स्मरणिकेत काही पाने महाविद्यालयीन मुलामुलींच्या स्वाधीन करावीत आणि त्यांचे संपादनही त्यांनीच करावे. वडिलांनी शुद्धलेखन सुधारावे, मत सुधारू नये. दुसरी, आपल्या भागातील महाविद्यालयांत जे विद्यार्थी सर्व जातिधर्मांच्या सोबत्यांसह एखादे नियतकालिक चालवितील त्यांस कागद व छपाईच्या खर्चासाठी साहाय्य द्यावे, आणि त्या मोबदल्यात संघाच्या स्तुतीची अपेक्षा धरू नये. तिसरी, आपापल्या घरच्या पेट्यांत व माळ्यांवर पडलेली जुनी वार्षिके, हस्तलिखिते, स्मरणिका गोळा करून तालुक्याच्या ग्रंथालयात जतन करावीत. वाळवीने एकदा खाल्लेला इतिहास कोणत्याही निधीने परत येत नाही.

कोणी म्हणतील, मुलांच्या हाती पाने दिली तर ती काहीबाही लिहितील, वडीलधाऱ्यांवर टीका करतील. करतीलच. हिंदू कॉलेजच्या चालकांनाही हीच भीती वाटली होती. त्यांनी एक अंक थांबविला. इतिहासाने तो अंक लक्षात ठेविला आणि थांबविणाऱ्यांना विसरला. घरातल्या घरात, आपल्याच पानांवर झालेली टीका ही घर शाबूत राहण्याची खूण आहे. जी मुले आपल्याशी वाद घालीत नाहीत ती आपल्याशी सहमत असतात असे नव्हे. पुष्कळदा ती मनाने केव्हाच दूर गेलेली असतात.

धर्माबादेपलीकडे गोदावरीच्या काठी बासरची सरस्वती आहे. राज्यांची सीमा मध्ये पडली तरी आपल्याकडील अनेक कुटुंबे आजही लेकरास तेथे नेतात, त्याचा हात धरून तांदळावर पहिले अक्षर गिरवून घेतात आणि कृतार्थ होऊन परततात. तो संस्कार सुंदर आहे, पण तो अर्धाच आहे. पहिले अक्षर आपण हात धरून काढून घेतो. अठराव्या-विसाव्या वर्षी तो हात सोडून, समोर कोरा कागद ठेवून, “आता तुझे तू लिही” असे म्हणणे हा त्याचा उत्तरार्ध होय. तो पार पाडण्याची बुद्धी व धैर्य आपणां सर्वांस लाभो, हीच वाग्देवीच्या चरणी प्रार्थना.

इत्यलम्.